तुमच्या मोबाईलमधलं अतिक्रमण कोण काढणार?

"काय पत्रकार, विषय संपले का?" असं कुणीतरी खाली लिहिणार, हे मला आत्ताच दिसतंय. निवडणुका तोंडावर आल्यात, अतिवृष्टीचे पैसे खात्यावर आले नाहीत, रस्त्यांची चाळण झालीय आणि हा माणूस मोबाईलमधले डबल फोटो काढायच्या गोष्टी सांगतोय. मंडळी, पोस्ट शेवटपर्यंत वाचा आणि मग शिव्या घाला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीनेला पूर आला, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. नदीकाठच्या एका गावातल्या काकांची ही गोष्ट. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. रात्रीत पाणी गोठ्यात शिरलं. दोन जनावरं सोडवली, तिसरीचं दावं काही सुटेना. दुभती गाय होती. पाणी ओसरल्यावर ती बांधाच्या बाभळीला अडकलेली सापडली. काकांच्या पोरानं फोटो काढले. लांबून, जवळून, पडलेल्या गोठ्यासकट, आणि कानातला पिवळा बिल्ला दिसेल असे दोन-तीन. "फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला लागतील," असं त्या आठवड्यात जो तो सांगत होता. रस्ता बंद, डॉक्टर येऊ शकत नव्हते. वास सुटला म्हणून तिसऱ्या दिवशी गाय पुरली.

चार दिवसांनी पोराच्या मोबाईलवर मेसेज यायला लागला, जागा संपली. ३२ जीबीचा जुना फोन. पोरानं एक फुकटचं सफाईचं ॲप घेतलं. ॲपनं दोन हजारांच्या वर 'डुप्लिकेट आणि सिमिलर' फोटो शोधून काढले आणि खाली मोठं हिरवं बटण दिलं. पोरानं बटण दाबलं. तरी जागा दिसेना, म्हणून कचरापेटीही रिकामी केली.

गाईचे अकरा फोटो एकसारखे होते. ॲपनं त्यातला एक 'चांगला' म्हणून ठेवला, दहा उडवले. ठेवला तो लांबून काढलेला, स्वच्छ उजेडातला. बिल्ल्याचे फोटो गडबडीत काढलेले, जरा हललेले होते. ते गेले.

आणि राहिलं काय? मी स्वतः तो फोन हातात घेऊन बघितला. आमच्या भागातल्या एका इच्छुक उमेदवाराचे नवरात्रीच्या शुभेच्छांचे बॅनर. रोज एक. सगळे शाबूत. कारण रोजचा रंग वेगळा होता ना! चेहरा तोच, हात जोडलेले तेच, मागची नेत्यांची रांग तीच. पण एक पिवळा, एक हिरवा, एक करडा. ॲपच्या हिशेबानं ते सगळे वेगवेगळे फोटो.

"आवं, गाय एकच हुती म्हणून सगळे फोटो सारखे निघाले," काका म्हणाले. यावर मी काय बोलणार?

शासनाच्या निकषाप्रमाणे दुभती गाय दगावली तर ३७,५०० रुपये मिळतात. बिल्ल्याचा नंबर दवाखान्याच्या नोंदीत सापडला. पण मेलेली गाय तीच, हे दाखवणारा फोटो कुठाय? पुण्याच्या पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर एक पाठवला होता. तो परत मागवला, पण मोठा करून बघितला तर आकड्यांच्या जागी नुसते ठिपके. प्रकरण अजून लटकलेलं आहे.

म्हणून मी म्हणतो, हा विषय किरकोळ नाही. बाजारपेठेत कुणी फूटभर टपरी पुढे सरकवली तर आपण बातमी करतो, निवेदनं देतो. मग गरिबाच्या फोनमधली जागा, जी त्यानं स्वतःच्या पैशानं विकत घेतलीय, ती न विचारता दुसऱ्यानं व्यापली तर त्याला काय म्हणायचं? मी त्याला अतिक्रमण म्हणतो. शब्द मुद्दाम वापरलाय.

साधा हिशेब करा. समजा तुम्ही पंधरा ग्रुपमध्ये आहात. गावाचा ग्रुप, भावकीचा, दूध संघाचा, मंडळाचा, शाळेचा, दोन-चार पक्षांचे. मागितले नसताना ॲड केलेले तर मोजूच नका. प्रत्येक ग्रुपवर दिवसाला वीस फोटो धरा. झाले तीनशे. व्हॉट्सॲपवरचा फोटो दाबून लहान होतो, तरी दोनशे केबी धरा. दिवसाला ६० एमबी. महिन्याला १८०० एमबी, म्हणजे जवळजवळ दोन जीबी. सहा महिन्यांत दहा-अकरा जीबी. व्हिडिओ यात धरलेलेच नाहीत. ३२ जीबीच्या फोनमध्ये बराच भाग फोनची स्वतःची यंत्रणा आणि ॲप खाऊन टाकतात. उरलेल्या जागेत तुमच्या पोराचे फोटो, आईचे रिपोर्ट, सातबारा, बँकेच्या पासबुकाचं पान. तिथं हे दहा जीबी येऊन बसतात. भाडं नाही, परवानगी नाही.

ही काही आजची गोष्ट नाही. अमेरिकेच्या वॉल स्ट्रीट जर्नलनं जानेवारी २०१८ मध्येच छापलं होतं, की भारतीयांच्या सकाळच्या 'गुड मॉर्निंग' फोटोंनी फोन भरून जातायत. त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, गुगलनं फाइल्स गो नावाचं सफाईचं ॲप आणलं होतं. आज त्याचं नाव फाइल्स बाय गुगल. आपल्या सुप्रभातची दखल तिकडं घेतली गेली, आणि इकडं आपण अजून त्याच सूर्योदयावर तोच सुविचार चिकटवून पाठवतोय.

आता काही शहाणे म्हणतील, नवा फोन घ्या. १२८ जीबीचा घ्या, आहे काय त्यात. त्यांना माझा प्रश्न आहे, दुसऱ्यानं माझ्या अंगणात कचरा टाकला म्हणून मी मोठं घर बांधायचं का? दुसरे म्हणतील, क्लाउडवर टाका. तिथंही फुकट किती मिळतं ते ऐका. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. आता १५ जीबी मिळते आणि त्यातच तुमचा ईमेल, ड्राइव्हवरच्या फायली आणि फोटो. आता तर अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत मोजला जातो. म्हणजे इच्छुकांचे बॅनर आधी फोन भरतात, मग बॅकअपमधून क्लाउड भरतात, मग कंपनी म्हणते महिन्याचं भाडं भरा. उद्या तुमच्या खात्यातून पैसे कापले जातील ते कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक साठवून ठेवायला.

आणि या गर्दीचा धंदा करणारेही आहेत. 'तुमचा फोन धोक्यात आहे', 'फोन स्लो झालाय, आत्ताच साफ करा' अशा जाहिराती रोज येतात. ही ॲप फुकट का देतात, विचार केलाय? तुमचे सगळे फोटो बघायची परवानगी घेतात आणि वर जाहिराती दाखवतात. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉक सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्याच यादीत क्लीन मास्टर आणि डीयू क्लीनर ही सफाईची ॲपही होती. सफाई करणारा घरात शिरला की काय काय बघतो, हे जुन्या माणसांना सांगायला नको.

यंत्राला दोष देऊनही उपयोग नाही, कारण यंत्राला काय कळतं ते आधी समजून घ्यायला हवं. डुप्लिकेट आणि सिमिलर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डुप्लिकेट म्हणजे तीच फाइल दोनदा, आतला कण न् कण तोच. ती ओळखणं यंत्राला सोपं आहे आणि त्यातली एक काढली तर काही बिघडत नाही. सिमिलर म्हणजे दिसायला सारखी. तिथं यंत्र अंदाज करतं. उजेड बरा आहे का, फोटो हललाय का, डोळे मिटलेत का, हे बघून एक 'चांगला' निवडतं. लग्नातल्या फोटोंना हे ठीक आहे. पण पुराव्याचा फोटो देखणा नसतो. अपघातातला, फुटलेल्या बंधाऱ्याचा, खरडून गेलेल्या जमिनीचा, मेलेल्या जनावराचा फोटो घाईत, रडत, चिखलात उभं राहून काढलेला असतो. यंत्राच्या नजरेत तोच सगळ्यात वाईट.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. कॅमेऱ्यानं काढलेल्या मूळ फोटोच्या आत तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही नोंदलेली असते. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की ही आतली नोंद गळून पडते आणि फोटोही बारीक होतो. म्हणजे फोनमध्ये दोन फोटो एकसारखे दिसले तरी एक मूळ दस्त आहे आणि दुसरी झेरॉक्स. आपण काय करतो? जो मोठा, जास्त एमबीचा दिसतो तो उडवतो, जागा मोकळी होते म्हणून! मूळ फेरफार जाळून झेरॉक्स कपाटात ठेवण्यातला हा प्रकार.

आता सरकारकडे वळू, कारण फोन भरण्यात सरकारचाही हातभार आहे. आज कुठलीही योजना घ्या, 'फोटो अपलोड करा' हे कलम आहेच. पीक पाहणी करायची, फोटो. घरकुलाचा हप्ता, फोटो. अंगणवाडीत खिचडी वाटली, फोटो. पूर्वी नोंदवही होती, आता नोंदवहीसुद्धा आहे आणि फोटोसुद्धा. अपलोड झाला का, हे कळत नाही म्हणून ताई तोच फोटो तीनदा काढतात. वरून फोन येतो, "ग्रुपवर पण टाका." परत एकदा. हे सगळं किती साध्या फोनवर चालायचं ते आठवा. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले होते. फोन तापतात, बंद पडतात, कामाचं ओझं झेपत नाही, हीच तक्रार होती.

आणि एवढे फोटो गोळा करून खोटेपणा थांबला का? रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाईल ॲपवर, दिवसातून दोन फोटो, हे सक्तीचं झालं. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं स्वतःच परिपत्रक काढून सांगितलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातायत, फोटोचा फोटो काढून हजेरी लावली जातेय, एकच माणूस वेगवेगळ्या मस्टरवर दिसतोय. बघा म्हणजे! इमानदार शेतकऱ्याच्या फोनमधले अकरा खरे फोटो सारखे दिसतात म्हणून उडतात, आणि सरकारी सर्व्हरवर एका फोटोवर चार हजेऱ्या लागतात. सारखे फोटो शोधणारं यंत्र खरं तर तिथं चालवायला पाहिजे. दोन कामांच्या बिलाला एकाच रस्त्याचा फोटो जोडलाय का, हे ते यंत्र क्षणात सांगेल. तिथं मात्र हिरवं बटण दाबायला कुणाचा हात पुढं येत नाही.

मीही यातून सुटत नाही. ही पोस्ट लिहायच्या आधी माझा फोन उघडला. एका रस्त्याच्या भूमिपूजनाचे ३७ फोटो निघाले. नारळ हातात, नारळ वर, नारळ फुटताना, फुटलेला नारळ, परत फोडलेला नारळ, कारण पहिल्यांदा साहेबांचा चेहरा झाकला गेला होता. बातमीत एकच लागला. बाकीचे छत्तीस दोन वर्षं माझ्या फोनमध्ये आणि त्याहून जास्त तुमच्या, कारण मीच ते चार ग्रुपवर टाकले होते. रस्ता? रस्ता अजून झाला नाही. तेवढा एक फोटो माझ्याकडे नाही. माफी मागतो. इथून पुढे एका कार्यक्रमाचा एकच फोटो टाकीन. जास्त टाकला तर खाली खुशाल झापा.

आता ज्यांना ज्यांना सांगायचं त्यांना सांगतो.

इच्छुक बंधू-भगिनींनो, दिवाळीच्या शुभेच्छा मनापासून पोचल्या. वसुबारस ते भाऊबीज रोज वेगळा बॅनर पाठवू नका. एक पाठवा. आणि पुराच्या मदतीच्या किटवर नेत्यांचे फोटो छापले म्हणून केवढा गदारोळ झाला, तो अजून लोक विसरलेले नाहीत. ज्या फोनमध्ये तुमचा तिसावा बॅनर येऊन बसतो, त्यातून कुणाचा तरी सातबारा बाहेर पडतो, एवढं ध्यानात ठेवा.

ग्रुपच्या ॲडमिननो, 'फक्त ॲडमिन पाठवू शकतील' हे बटण शोभेला दिलेलं नाही. किमान पाणी सुटण्याच्या, शाळेच्या आणि दूध संघाच्या ग्रुपवर तरी ते दाबा.

प्रशासनाला विनंती आहे, नागरिकानं नुकसानीचा फोटो दिला की त्याच दिवशी तो जमा करून घ्या आणि पोच द्या. पावतीवर तारीख आणि शिक्का हवा. म्हणजे माणसाला तो फोटो महिनोन्महिने फोनमध्ये जपत बसावं लागणार नाही. आणि कर्मचाऱ्यांकडून एकदा ॲपवर घेतलेला फोटो परत ग्रुपवर मागू नका.

आता आपलं काम. घरातली माळे-कपाटं झाडणं सगळीकडं सुरू आहे, त्यातला एक तास फोनला द्या. पण क्रम चुकवू नका.

सगळ्यात आधी, काही डिलीट करायच्या आत, कामाचे फोटो वेगळे काढा. नुकसान, अपघात, पावत्या, दवाखान्याचे कागद. एक अल्बम करा. मूळ फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवा किंवा ओळखीच्याच्या कॉम्प्युटरवर, पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. व्हॉट्सॲपवरून पाठवायची वेळ आली तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग तो दाबला जात नाही, जसाच्या तसा पोचतो.

त्यानंतर व्हॉट्सॲपकडे जा. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. कुठल्या ग्रुपनं किती जागा खाल्ली ते मोठ्यापासून लहानापर्यंत तिथं दिसतं. अनेकदा फॉरवर्ड झालेले फोटो तर वेगळेच काढून ठेवलेले असतात. इथं निर्दयपणे सफाई करा, बहुतेक अतिक्रमण इथंच आहे. तिथंच मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, म्हणजे तुम्ही बोट लावल्याशिवाय फोटो उतरणार नाही. आणखी एक, तुम्ही स्वतः पाठवलेल्या फोटोची एक प्रत 'सेंट' नावाच्या फोल्डरमध्ये राहते. गॅलरीत दिसत नाही, पण जागा खाते.

हुबेहूब डुप्लिकेट काढायला बाहेरचं ॲप घ्यायची गरज नाही. फाइल्स बाय गुगल बऱ्याच फोनमध्ये आधीपासून असतं. आयफोनवाल्यांना २०२२ पासून फोटोंच्या ॲपमध्येच डुप्लिकेटचा वेगळा कप्पा मिळालाय. मिळतेजुळते फोटो मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघून काढा. 'सिलेक्ट ऑल' हे बटण विसरा.

शेवटचं, कचरापेटी. गुगल फोटोजमध्ये डिलीट केलेला फोटो बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस, नसेल तर ३० दिवस तिथं राहतो. तोवर फोनमधली जागा पूर्ण मोकळी होत नाही, म्हणून लोक घाईनं ती रिकामी करतात. दोन दिवस थांबा, एकदा चाळा, मग रिकामी करा. आणि बॅकअप झालेला फोटो गुगल फोटोजमधून डिलीट केला तर तो क्लाउडवरूनही जातो. फक्त फोनमधून काढायचा असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरा. काकांच्या पोराला ही दोन वाक्यं कुणी सांगितली असती तर आज ही पोस्ट लिहावी लागली नसती.

पोरगं अजून माझ्या नजरेला नजर देत नाही. बाप त्याला एका शब्दानं बोलला नाही, म्हणून त्याला जास्त लागतंय. त्याची चूक एवढीच, की दुसऱ्यांनी भरलेलं घर त्यानं एकट्यानं झाडायला घेतलं.

पटलं तर पोस्ट पुढं पाठवा. सोबत फोटो जोडलेला नाही, मुद्दामच. आणि आज रात्री तुमच्या फोनमध्ये एकाच माणसाचे किती बॅनर निघाले, तो आकडा खाली कमेंटमध्ये लिहा. नाव लिहू नका. आकडाच पुरे आहे, ज्याचं त्याला कळेल.